चार नटांची मस्टँग

व्हीलकप सुटून हातात आली आणि काका उकिडवे बसल्या जागी गप्प झाले. गाडीवाला मागे उभा राहून इंजिनाचं कौतुक सांगत होता. काकांनी मला खुणेनं जवळ बोलावलं, चाकाकडे बोट केलं आणि हळूच म्हणाले, "मोज."

मी मोजले. चार नट.

असायला हवे होते पाच. १९६५-६६ च्या फोर्ड मस्टँगची ही सगळ्यात सोपी खूण. कारखान्यातून व्ही-८, म्हणजे आठ सिलेंडरचं, इंजिन घेऊन बाहेर पडलेल्या गाडीच्या चाकाला पाच नट असतात आणि सहा सिलेंडरवालीला चार. इथे बॉनेटखाली व्ही-८ दिसत होतं, मडगार्डवर २८९ घन इंचांच्या इंजिनाचा बिल्ला चमकत होता आणि जाहिरातीत लिहिलं होतं 'ओरिजिनल २८९, मॅचिंग नंबर, संपूर्ण रिस्टोअर केलेली, कॅलिफोर्नियाची गाडी'. मागितलेली किंमत २३,५०० डॉलर.

ही त्या एका गाडीची हकीकत. जुनी अमेरिकन गाडी घ्यावी असं मनात असणारे पुष्कळ जण डेट्रॉईटच्या आसपास मला भेटतात. आपली अर्धी मंडळी इथे गाड्यांच्याच धंद्यात आहेत, तेव्हा ते साहजिकच आहे. त्यांना दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो. यात माझा एक सल्ला चुकला आणि एक बरोबर होता, पण तो मी पुरेशा जोरानं दिला नाही. दोन्ही सांगतो.

काका म्हणजे वडिलांचे मित्र. बालपण गिरगावात गेलेलं, नंतर तीस वर्षं इथल्या एका पुरवठादार कंपनीत ब्रेकच्या चाचण्या. लहानपणी शेजारच्या डॉक्टरांकडे कुर्ल्याच्या प्रीमिअरमध्ये जोडलेली प्लायमाउथ होती आणि रविवारी ती धुवायचा मान काकांचा. निवृत्त झाल्यावर त्यांना तशीच पन्नासच्या दशकातली प्लायमाउथ हवी होती. त्यांना त्यापासून परावृत्त केलं मीच. अशा गाडीचं इंजिन चालू ठेवणं जमतं, पण पुढची एखादी क्रोमची पट्टी वाकली किंवा मागची वळणदार काच तडकली की ती शोधण्यात वर्ष जातं. मस्टँगचं तसं नाही. एकट्या १९६६ च्या मॉडेलच्या सहा लाखांहून जास्त गाड्या बनल्या. मडगार्डपासून दाराच्या हँडलच्या स्क्रूपर्यंत सगळं आज नवं बनतं, काही वर्षांच्या मॉडेलची तर अख्खी बॉडीसुद्धा मिळते. पहिलीच जुनी गाडी घेत असाल तर आधी सुट्या भागांचा कॅटलॉग चाळा आणि मग प्रेमात पडा, असं मी त्यांना म्हणालो होतो. हा सल्ला मात्र चुकला नाही.

तर एप्रिलमधल्या एका शनिवारी आम्ही अडीच तास गाडी हाकत मिशिगनच्या पश्चिमेला पोचलो होतो. थंडी अजून हटली नव्हती.

चार नट दिसल्यावर पुढची पायरी म्हणजे नंबर. या मस्टँगचा नंबर ड्रायव्हरच्या बाजूला, बॉनेट उघडल्यावर दिसणाऱ्या आतल्या पत्र्याच्या वरच्या काठावर ठोकलेला असतो. दारावर रिव्हेट मारलेली एक प्लेटही असते, पण तिच्यावर विसंबू नये, कारण तशा प्लेटा आजही नव्या ठोकून मिळतात. पत्र्यावरच्या नंबराची सुरुवात होती ६ एफ ०७ टी. सहा म्हणजे १९६६. एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना. शून्य सात म्हणजे दोन दारांची, कापडी नव्हे तर पत्र्याच्या टपाची साधी गाडी. आणि टी म्हणजे २०० घन इंचांचं, १२० अश्वशक्तीचं सहा सिलेंडर इंजिन. २८९ असतं तर त्या जागी सी, ए किंवा के असतं.

'कॅलिफोर्नियाची गाडी' या दाव्यातलीही हवा इथेच निघाली. पश्चिमेकडच्या गाड्या बहुतेक सॅन होजेच्या कारखान्यातून जात आणि त्यांच्या नंबरात आर असतो. नंतर कुणी ही गाडी तिकडे नेली असेलही, पण तसा एकही कागद गाडीवाल्याकडे नव्हता. कॅलिफोर्नियाला इतकं महत्त्व का, असं पुण्या-मुंबईहून नवीन आलेल्यांना वाटतं. डेट्रॉईट शहराच्या पोटात मिठाची खाण आहे आणि हिवाळाभर इथले रस्ते मिठानं पांढरे असतात. दहा हिवाळे इथे काढलेल्या गाडीचा खालचा पत्रा पापडासारखा होतो.

'मॅचिंग नंबर', म्हणजे इंजिनावर आणि गाडीवर एकच नंबर, या शब्दाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण जाहिरातीत तो हमखास असतो. १९६६ सालच्या साध्या २८९ इंजिनावर फोर्डनं गाडीचा नंबर ठोकलेलाच नाही. तो फक्त के कोडच्या जास्त ताकदीच्या इंजिनांवर आहे. त्यामुळे बाकीच्या गाड्यांत 'मॅचिंग' म्हणजे फार तर ओतकामाच्या तारखा जुळतात, एवढंच. फोर्डच्या मूळ नोंदींवरून काढून देतात तो मार्टी रिपोर्टही १९६७ पासूनच्या गाड्यांचा मिळतो, त्याआधीच्यांचा नाही.

काकांनी टॉर्च घेतला आणि स्टार्टरच्या वर, इंजिनाच्या ओतीव अंगावर उठलेला आकडा वाचला. सुरुवात डी४. फोर्डच्या पद्धतीत सी म्हणजे साठचं दशक आणि डी म्हणजे सत्तरचं. डी४ म्हणजे १९७४. त्या साली २८९ बनतच नव्हतं, १९६८ मध्येच त्याची जागा ३०२ नं घ्यायला सुरुवात केली होती. दोन्ही एकाच घराण्यातली, बाहेरून सख्खी भावंडं. म्हणजे ओरिजिनल नाहीच, २८९ सुद्धा नाही.

काका हसले. मला वाटलं आता निघायचं. त्यांनी कोट काढून बाजूला ठेवला आणि जमिनीवर आडवे झाले.

पत्रा

मस्टँगला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. म्हणून इथे पत्रा कुजणं म्हणजे नुसतं दिसण्याचं दुखणं नव्हे. आमच्याकडे मोज्यात गुंडाळलेलं एक साधं चुंबक होतं. ते पत्र्याला चिकटतं, पुट्टीला चिकटत नाही. (पुण्यातले पेंटर जिला 'लांबी' म्हणतात तीच पुट्टी.) मागच्या चाकाच्या कमानीखाली दोन्ही बाजूंना चुंबक तळहातभर जागेत घसरलं. बाकी ठिकाणी घट्ट बसलं. दारं एका बोटानं लागत होती आणि बिजागरीत खेळ नव्हता. पुढच्या स्प्रिंगा ज्या उंच खांबांत बसतात तिथे तडे जातात, ते नव्हते. खालचे पुढचे दोन आडवे दांडे ठोकून पाहिले, आवाज भरीव आला. तळाला मात्र ताजा काळा लेप होता. ताजा काळा लेप आणि नवीन कार्पेट एकत्र दिसले की माझं पोट दुखायला लागतं.

आणि मग पाणी. पुढच्या काचेखाली, बॉनेटच्या मागे जाळी असते. तिच्यातून हवा आत जाते आणि पावसाचं पाणीही. ते बाजूच्या वाटांनी बाहेर पडावं अशी योजना. पण तिथे झाडांची पानं साचतात, महिनोन् महिने ओली राहतात आणि हवेच्या झडपांभोवतीचा पत्रा आतून गंजतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. परीक्षा एकच. जाळीवर बादलीभर पाणी ओतायचं आणि कुणीतरी आत डॅशखाली डोकं घालून टॉर्च धरायचा.

मी पाणी मागितलं. गाडीवाला म्हणाला, "कार्पेट नवीन आहे, वायरिंग नवीन आहे, पाणी नको." मी काकांकडे पाहिलं, काकांनी माझ्याकडे. दुसऱ्याच्या अंगणात उभं राहून त्याच्या गाडीवर पाणी ओतायचा हट्ट कसा धरायचा? आपल्या मध्यमवर्गीय भिडस्तपणाची किंमत पुढे डॉलरमध्ये कळली.

सौदा

घरामागच्या रस्त्यावर जाऊन आम्ही दहा मिनिटं बोललो. माझं म्हणणं, सोडून द्या. इंजिन दुसरं, कागद खोटे नसले तरी जाहिरात खोटी, पुढे विकताना पाडून मागतील. काका म्हणाले, "अरे, मला संग्रहालय काढायचं नाही. इंजिनाचा आवाज ऐकलास ना? कॉम्प्रेशन आठही सिलेंडरला सारखं आहे. त्याचं खोटं बोलणं मला किमतीत वळवता येतं. पण हे ब्रेक घेऊन तो माणूस रोज रस्त्यावर जातोय, ते बघून माझ्या अंगावर काटा आला."

चार नटांचा खरा अर्थ तोच होता. सहा सिलेंडरच्या गाडीला नऊ इंची ड्रम, व्ही-८ ला दहा इंची. मागचा अॅक्सल हलका, स्टीअरिंगचे सांधे बारीक. कुणीतरी जड आणि जास्त ताकदीचं इंजिन आणून त्या खोक्यात बसवलं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. शिवाय १९६६ पर्यंत ब्रेकचा मास्टर सिलेंडर एकेरी. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. दुहेरी मास्टर सिलेंडर १९६७ च्या मॉडेलपासून आला. माझं लक्ष इंजिनाच्या खरेखोटेपणावर अडकलं होतं आणि काकांचं गाडी थांबण्यावर. माझा चुकलेला सल्ला तो हाच.

काकांनी भाव कसा केला ते शिकण्यासारखं आहे. आवाज चढवला नाही, खोटेपणावर बोट ठेवलं नाही. बॉनेटवर कागद पसरून लिहायला बसले. पाच नटांचे हब, पुढे डिस्क, आठ इंची गिअरवाला मागचा अॅक्सल, दुहेरी मास्टर सिलेंडर, जाड सांधे, चार रिंगा आणि टायर. प्रत्येकापुढे कॅटलॉगमधली किंमत. खाली शेवटी एक ओळ, 'सहा सिलेंडरची गाडी, बदललेलं इंजिन'. तो कागद त्यांनी गाडीवाल्याच्या हातात दिला. तासाभरानं १५,५०० वर ठरलं.

कागदपत्रांत भानगड निघाली नाही. टायटलवरचं, म्हणजे मालकीच्या कागदावरचं, नाव विकणाऱ्याचंच होतं आणि नंबर पत्र्यावरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळला. एवढं दोन्ही जुळलं नाही तर गाडी सोन्याची असली तरी परत फिरा. टायटलवर तिसऱ्याचंच नाव असेल, मधल्या माणसानं कर वाचवायला गाडी स्वतःच्या नावावर केलीच नसेल, तर ते निस्तरताना तुमचे केस पिकतील. मिशिगनमध्ये हे काम सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कचेरीत होतं आणि सहा टक्के कर तिथेच भरायचा.

गाडी चालवत आणली नाही. काकांनी त्या ब्रेकवर हायवेला जायला साफ नकार दिला. ट्रेलरवर घालून आणली, ४०० डॉलर. ती पूर्वी जिथे जन्मली त्या कारखान्यापासून काकांचं गॅरेज वीसेक मैलांवर आहे, हे त्या रात्री काकूंना सांगताना ते फार खूश होते. काकूंनी मागच्या सीटवर हात फिरवला आणि विचारलं, "नातवंडांना पट्टे कुठायत?"

गॅरेज

मे महिना ब्रेकमध्ये गेला. आठ इंची अॅक्सल वापरलेला मिळाला. तो एका गॅरेजमधून तपासून, बेअरिंग बदलून घेतला, बाकी आम्ही दोघांनी बसवलं. सामान ३,१००, त्या गॅरेजची मजुरी ९००, रिंगा-टायर १,१००. काकूंच्या प्रश्नाला उत्तर म्हणून तीन ठिकाणी अडकणारे खांद्यावरचे पट्टे पुढे बसवले, २४० डॉलर. मूळ गाडीत फक्त कमरेचा पट्टा होता. त्याच वेळी काकूंना हेही कळलं की या गाडीत डिकीचा तळ म्हणजे पेट्रोलच्या टाकीचाच वरचा पत्रा आणि मागच्या सीटच्या पुठ्ठ्यापलीकडे थेट टाकी. काकांनी मध्ये पोलादी पडदा घालायचं कबूल केलं. तो घालेपर्यंत नातवंडं मागे बसली नाहीत. ही काकूंची अट मला आजही गाडीवर खर्चलेल्या कुठल्याही पैशापेक्षा शहाणपणाची वाटते.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात काका मोजे पिळत घरात आले.

कार्पेट उचललं. खाली जुना पत्रा कापून त्यावर नवे तुकडे रिव्हेटनं मारलेले आणि सांध्यांत काळं सीलंट चोपडलेलं. म्हणजे पाणी पूर्वीही यायचं आणि कार्पेट त्यासाठीच नवीन होतं. आम्ही तेव्हा जाळीवर झारीनं पाणी ओतलं, दोन महिने उशिरा. डाव्या झडपेतून धार आणि उजवीकडून थेंब.

याला स्वस्त उपाय आहे. झडपेभोवती प्लॅस्टिकचं टोपण आतून चिकटवायचं. एखादं वर्ष निघतं. पण टोपणाखाली गंज वाढतच राहतो आणि तिथला पत्रा काचेची चौकट आणि दाराची बिजागरी दोन्ही सांभाळतो. खरा उपाय म्हणजे पुढची मडगार्डं, बॉनेट आणि काच उतरवायची, शंभराच्या वर स्पॉट वेल्ड एकेक ड्रिल करून काढायचे, वरचा पत्रा उचलायचा, खालचा बदलायचा, पुन्हा सगळं वेल्ड करायचं आणि रंग द्यायचा. हातानं करायचं काम, त्यात घाई चालत नाही. तळासकट ४,२०० डॉलर आणि सात आठवडे. त्या गावात एक बादली पाणी ओतलं असतं तर हा आकडाही काकांच्या कागदावर चढला असता. ब्रेकचं सामान ऑर्डर केलं की चौथ्या दिवशी दारात येतं, पण असं काम करणारे हात शोधावे लागतात आणि सापडले तरी रांगेत उभं राहावं लागतं. म्हणून इंजिन बिघडलेली पण कोरड्या पत्र्याची गाडी कधीही स्वस्तच पडते.

विमा जुन्या गाड्यांचा वेगळा काढला. त्यात गाडीची किंमत आधी ठरवून लिहितात आणि गाडी गेली तर तेवढे पैसे मिळतात. नेहमीच्या विम्यात गाडी जितकी जुनी तितकी कवडीमोल धरण्याचा धोका असतो. बदल्यात बंद गॅरेज हवं आणि रोजच्या वापराला दुसरी गाडी हवी. काकांनी इंजिनाची हकीकत जशीच्या तशी सांगितली, पावत्या आणि फोटो जोडले, २१,००० ची किंमत मान्य झाली. नंबरप्लेट ऐतिहासिक गाडीची घेतली. मिशिगनमध्ये २५ वर्षांहून जुन्या गाडीला ती मिळते, स्वस्त असते, पण तिच्यावर ऊठसूट फिरता येत नाही. मेळावे, मिरवणुका, प्रदर्शनं एवढंच. अपवाद ऑगस्टचा. त्या महिनाभर कशालाही न्या, भाजी आणायलासुद्धा.

ऑगस्टच का, तर वुडवर्ड. तिसऱ्या शनिवारी फर्नडेलपासून पाँटिअॅकपर्यंत वुडवर्ड अॅव्हेन्यूवर हजारो जुन्या गाड्या उतरतात. १९९५ मध्ये फर्नडेलमधल्या फुटबॉलच्या मैदानासाठी पैसे उभे करायला हे सुरू झालं होतं. बघायला गंमत, पण गाडीसाठी ती परीक्षा असते, कारण सहा तास बैलगाडीच्या वेगानं सरकायचं. आमची मस्टँग पाऊण तासात तापली. रेडिएटर अजून सहा सिलेंडरचाच होता. काकांच्या यादीत तो राहून गेला होता, माझ्याही. एका पेट्रोल पंपावर बॉनेट उघडून उभे असताना एक म्हातारा अमेरिकन जवळ आला आणि कौतुकानं म्हणाला, "दोनशे एकोणनव्वद?" काकांनी त्याला चार नटांपासून सगळं सांगितलं. तो वीस मिनिटं उभा राहिला आणि जाताना तीन रांगांचा रेडिएटर कुठे मिळेल तेही सांगून गेला. ३५० डॉलर. घरी आल्यावर काकांनी बिल्ले काढून डिकीत टाकले.

तेल जस्त असलेलं घालतो, कारण या जुन्या कॅमशाफ्टला आजच्या साध्या तेलात पुरेसं संरक्षण नसतं. पेट्रोलचे रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे बसवले. रस्त्यावर पहिलं मीठ पडायच्या आत टाकी काठोकाठ भरून, पेट्रोल नासू नये म्हणून औषध घालून, बॅटरी छोट्या चार्जरवर लावून गाडी झाकली. एअर फिल्टरच्या नळीत लोखंडी काथ्या कोंबला. उंदरांना फिल्टरच्या खोक्यासारखी उबदार खोली दुसरी नाही. मार्चमध्ये तो काढायला विसरू नये म्हणून स्टीअरिंगला चिठ्ठी बांधली आहे.

पहिल्या वर्षाचा हिशोब काकांनी वहीत मांडला. गाडी, कर, ट्रेलर, ब्रेक, टायर, पत्रा, पट्टे, रेडिएटर मिळून २६,७२०. विमा आणि पोलादी पडदा वेगळे. काकूंनी वही बघून विचारलं, "आत्ता विकलीत तर?"

"वीस," काका म्हणाले. "चांगला माणूस भेटला तर."

"आणि त्याला सांगणार सगळं?"

"वहीच देणार."

काकूंनी वही मिटली, कपाटात ठेवली आणि मार्चमध्ये पाऊस पडेल तेव्हा एकदा झारी घेऊन मी येते, टॉर्च तुम्ही धरा, असं त्यांना सांगून स्वयंपाकघरात गेल्या.